शून्य लिहिलेली बाटली

मंगळवार, दिवेलागण. अकोला.

यांनी देवीसमोर शपथ घेऊन बीअर सोडली, त्याला चार महिने झाले. आता त्याच कंपनीची बिनदारूची आणतात. बाटली तशीच हिरवी, फक्त कागदावर शून्य छापलेलं. ते शून्य मी रोज वाचते, तरी जीव भांड्यात पडत नाही. आज हे हातपाय धुवायला गेले तशी मी उपास मोडून एक घोट चाखला. कडू लागला. पण खरी बीअर कशी लागते, हे मला कुठं ठाऊक? वळले तर हे दारात उभे.

"तुले इस्वासच नाही, तं मंग मी सोडली तरी कायले?" एवढंच बोलले. उरलेली मोरीत ओतली अन् चप्पल घालून निघाले. कुठं चाललात, हे विचारायला मला तोंडच राहिलं नव्हतं.