दिवा विझवतात म्हणे

गुरुजी, तुम्हाला ओळखणारा डोणगावात आता मी एकटाच उरलो. अजून आठवतं, शाळा सुटलेली, आपण दोघं ओसरीवर कवितेच्या वह्या तपासतोय, तुम्ही हेडमास्तर, मी नवाकोरा मास्तर, आणि तुम्ही पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेलात, तेव्हाच्या कैदेचं सांगताय. तुर्कांनी तुम्हाला डोंगरात रेल्वेच्या बोगद्यावर राबवलं. तिथं जवळच अलेवी नावाच्या, मुसलमानांतल्याच एका वेगळ्या पंथाच्या लोकांचं गाव. त्यांच्या बैठकीत बायामाणसं एकत्र बसत, भांडलेल्यांनी आधी समेट करायचा, मग एक भाकर सगळ्यांनी वाटून खायची. तुम्ही म्हणालात, "आजूबाजूचे म्हनत, हे दार लावून दिवा इझवतात, मंग मायबहीन पाहात नाहीत." ते ऐकून तुमच्यासोबत दगड फोडणारा आर्मेनियन दचकला होता. त्याच्या जुन्या पोथ्यांत हेच लांच्छन, याच दिव्यासकट, धर्माबाहेर हाकललेल्या एका ख्रिस्ती पंथाला लावलेलं होतं. तो पंथ त्याच डोंगरांत पांगला होता.

"मग हे अलेवी म्हणजे तेच लोक काय, गुरुजी?"

"काय मालूम बे! असतीनही. लोक मेले, पन ते बोलनं नाही मेलं."

पुढं तुम्हीही दर गुरुवारी दुपारी घरी तशी बैठक भरवू लागलात. विणकर मोमीन, गावकुसाबाहेरचा म्हातारा, दोन विधवा, मी. एका भाकरीचे तुकडे सगळ्या जातींनी खायचे, म्हणून दार लावलेलं. महिनाही झाला नाही तोच किराणावाल्यानं मला हटकलं, "काय मास्तर, तुमचे गुरुजी दार लावून दिवा इझवतात म्हने? मायबहीन पाहात नाहीत म्हने?" भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. दुपारी तुमच्या घरी दिवा लागतच नव्हता. शब्द मात्र तेच, त्याच क्रमानं.

शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब चौकशीला आले. मला विचारलं, तेव्हा मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिलो. तुमची बदली संग्रामपूरला झाली. बैलगाडीत बसताना तुम्ही हळूच म्हणालात, "पाह्यलं? आलं इथपर्यंत. काऊन आलं असंल रे, इतक्या लांब?" तुमच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. वर्षाच्या आत तिकडच्या तापानं तुम्ही गेलात.

अजूनही शाळेतली एखादी कविता पुटपुटताना 'दिवा' शब्द आला की माझी जीभ अडते. तुम्ही होता तोवर लिहायचं धाडस झालं नाही, आता लिहितोय तर टाकायला पत्ता नाही. गुरुजी, ते आपोआप आलं नव्हतं. न्हाव्याकडे दाढी करताना त्या अलेवींची गंमत मीच सांगितली. तो हसला, म्हणून जरा रंगवून पुन्हा सांगितली.