पडद्यामागून ऐकलेली गोष्ट

आबा, येत्या रविवारी थिएटरात तुमच्या फोटोला हार घालणार आहेत. कोल्हापुरात आता आपल्याच माणसांनी काढलेली चित्रं लागतात, तेव्हा पहिल्यांदा तंबूत बायस्कोप दाखवणाऱ्यांची आठवण करावी, असं मंडळींनी ठरवलंय. मुक्या चित्रांची गोष्ट खड्या आवाजात सांगणारे तुम्ही, म्हणून मान तुमचा. आठवणी सांगायला बोलावलंय धाकट्याला. मला नाही.

काल तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसला. "आक्का, आबांचं चार शब्द लिहून दे की. तू बी. ए. हाईस."

"तू त्यांच्या शेजारी बसायचास. तूच सांग."

"मला कुठलं आठवतंय? अंधार झाला की मी आबांच्या मांडीवर आडवा. तुला समदं पाठ हाय."

पाठ आहेच. तंबूच्या मधोमध पडदा. पुढं पुरुष, मागं आम्ही बायका. चित्र आम्हाला उलटं दिसायचं, राजा डाव्या हातानं तलवार उपसायचा. मागूनही दिसावं म्हणून पाणी मारलेला पडदा वाळत आला की तेही धुरकट व्हायचं. मग मी तुमच्या आवाजाला धरून बसायचे. तुम्ही राक्षस व्हायचात, लगेच रडणारी राणी व्हायचात. शेजारची मावशी विचारायची, "बा न्हवं का गं तुजा? मग तू हिकडं कशी?" एकदा मी पडद्याशेजारच्या कापडी कनातीखालून पुढं आले, तर तुम्ही गोष्ट थांबवून म्हणालात, "पोरी, मागं जा बगू. तुजी जागा तकडं हाय." सगळा तंबू हसला. धाकटा तेवढ्या हशातही जागा झाला नाही.

महाराज मुलींना शिकवा म्हणतात, म्हणून भावकीशी भांडून मला शाळेत घातलंत तेही तुम्हीच. हे मी विसरलेले नाही. बायकांना पुढची जागा मिळाली पाहिजे, असं मी आता सभेत बोलते, आणि मनापासून बोलते. तरी आज दुपारी मी धाकट्याला सगळं लिहून दिलं, तुमचा राक्षस, तुमची राणी. तो ते आपलं म्हणून वाचेल. लोक टाळ्या वाजवतील. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकेन.

एक मात्र त्यात घातलं नाही. तुम्हालाही ते पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्याच्या व्यासपीठावरच्या खुर्चीचा मला हेवा वाटत नाही, आबा. तसली खुर्ची मी कधीतरी भांडून मिळवीन. हेवा वाटतो तो त्याच्या झोपेचा. तुमचा एवढा मोठा आवाज डोक्यावर चालू असताना त्याला झोप लागायची.