बाराशे सोळा मिलिमीटरचा पडदा

आकुर्डी, १० मार्च २०२५

समस्त-शिवणयंत्र-चक्रवर्तिनी, सूची-सूत्र-सम्राज्ञी, लष्करी-गणवेश-विधात्री, देहूरोड-मंडल-भूषण, अनुज-कर्णमर्दन-कुशला श्रीमती कस्तुराअक्का यांच्या चरणी, चाकण-तृतीयपाळी-पीडित, गेजधारी, निद्रावंचित कनिष्ठ बंधू धम्मरत्न याचा सविनय जयभीम. वि. वि.

तीस वर्षे शिवणयंत्रांच्या खडखडाटात तुझी श्रवणेंद्रिये खर्ची पडली, मोबाइलवरची अक्षरे तुला मुंग्यांसारखी दिसतात. सबब पत्रलेखनकलेच्या पुनरुज्जीवनाचे दायित्व आपल्या घराण्यावर येऊन पडले. ते मी यथाशक्ती पेलतो.

प्रस्तुत विषय पडदा. जानेवारीपासून कंपनीने मला कायमची रात्रपाळी बहाल केली आहे. प्रातःकाली आठला मी घरी पोचतो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून सहस्ररश्मीही शय्यागृहात आलेले असतात. त्यांची पाळी सुरू, माझी संपलेली; एका खोलीत आमचे जमत नाही. चादर लावून पाहिली, ती पंख्याला भिऊन उडते. बाजारातल्या तयार पडद्यांतून वर्तमानपत्र वाचता येते. अखेर तू लग्नात मागे ठेवून गेलेले पायमशीन काढले, तेल पाजले, पिंपरीहून जाड निळे कापड आणले. खिडकी पोलादी टेपने तीनदा मोजली: रुंदी १२१६ मि.मी. बावीस वर्षे ब्रेकचे भाग तपासणाऱ्या हाताने कापडही १२१६ मि.मी.च कापले, कणभर इकडेतिकडे नाही. कडा दुमडून शिवल्यावर पडदा खिडकीहून अरुंद कसा झाला, हे पदार्थविज्ञानाला पडलेले कोडे आहे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे ऊन आत येते आणि थेट पापणीवर बसते. दांडीही खिळ्यांवर लटकते आहे, कारण आमचे ड्रिल शेजारचे सयाजीराव गणपतीपासून सांभाळत आहेत.

दिवसाकाठी दोन तास झोप लागते. तुझ्या भावजयीला, मिनलला, मी पाच सांगतो. एवढे तुझ्यापाशी राहू दे.

लोभ आहेच, तो दुमडीसकट मोजावा.

तुझा
धम्मरत्न

देहूरोड, १२ मार्च

चि. धम्मा यास अनेक आशीर्वाद.

कोडंबिडं काही नाही. खिडकीएवढा पडदा कुणी कापतं का? तो काय लोखंडाचा भाग आहे, खाचेत बसवायला? खिडकीच्या दुप्पट कापड घे. आधी पाण्यातून काढ, नाहीतर नंतर आटतं. मग वर चुण्या घाल, मागं काळं अस्तर लाव. दोन्हीकडं वीतभर भिंतीवर गेला पाहिजे, तेव्हा ऊन अडेल. कापडाला सैल ठेवावं लागतं, माणसासारखंच.

आता दुसरं. आई गेली तेव्हाही तू मला असंच पदव्या लावून पत्र लिहिलं होतंस. हसून झाल्यावर खालच्या ओळीत कळलं की आई गेली. या पत्रातली खालची ओळ कुठली, ते कळव. दोन तास झोपून रात्रभर ब्रेकचे भाग तपासतोस, ते मला बरं वाटत नाही.

मिनलला आशीर्वाद. जपून राहा.

तुझी
अक्का

आकुर्डी, १७ मार्च

ती. अक्का,

सविनय जयभीम. पदव्या आज रजेवर आहेत.

खालची ओळ विचारलीस, ती अशी. गुरुवारच्या पाळीत माझ्यापुढे एकशे ऐंशी नगांचा लॉट आला. प्रत्येक नग गेजवर धरायचा, माप तक्त्यात लिहायचे, शेवटी माझा शिक्का. सकाळी तक्ता पाहिला. पहिल्या चाळीस नगांची मापे यथायोग्य कमीजास्त आहेत. त्यानंतर एकशे चाळीस वेळा एकच आकडा, माझ्याच सुंदर हस्ताक्षरात. ते नग हातात घेतल्याचे मला स्मरत नाही. हात लिहीत होता, मी नव्हतो.

आमचा सुपरवायझर रणजीत तक्ता पाहून म्हणाला की धम्मराव, लॉट असावा तर असा. मी नुसती मान हलवली.

माल गोदामात पडून आहे. शनिवारी सकाळी गाडी निघेल. बहुधा सगळे नग उत्तमच असतील. सांगायला गेलो तर बावीस वर्षांचा शिक्का जातो, कदाचित नोकरीही. पन्नाशीच्या तपासनिसाला चाकणमध्ये कोण उभे करते? न सांगावे, तर रस्त्यातली प्रत्येक दुचाकी ब्रेक दाबताना मी थबकून पाहतो. मिनलला यातले काही ठाऊक नाही.

कापड दुप्पट आणले आहे. कात्री लावायचे धैर्य होत नाही.

तुझा
धम्मा

देहूरोड, १९ मार्च

चि. धम्मा,

आशीर्वाद. एकदा स्ट्रेचरचे पट्टे शिवायचं काम होतं. माझ्या मशीनचा दोरा कच्चा निघाला, ते कळलं तोवर छत्तीस पट्टे पुढं गेले होते. वरून दुसरी शिवण मारली असती तर कुणाला दिसलं नसतं. मी परत मागवले आणि सगळ्या बायकांसमोर बसून उसवले. आठ दिवस टोमणे खाल्ले, पगारवाढ हुकली. पण त्या पट्ट्यावर ज्याला झोपवतात त्याला खाली बघता येत नाही रे.

हे पत्र शुक्रवारी मिळेल. गाडी शनिवारी आहे. पुढचं मी सांगायला नको. मिनलला मात्र तू सांग, माझ्याकडून कळायला नको.

अक्का

आकुर्डी, २१ मार्च, दुपारी

ती. अक्कांना मिनलचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र अकराला आलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं आणि मशीनपाशी बसून राहिले. जेवा म्हटलं तर जेवले नाहीत. मग म्हणाले, मी पाच तास झोपत नाही, दोनच झोपतो. बाकीचं आल्यावर सांगतो. डबा न घेता भरउन्हात गाडी काढून चाकणला गेले. पाळी रात्री अकराची, अक्का.

दोन वाजल्यापासून फोन लागत नाही. कपाटात त्यांचा शिक्का असायचा, तोही नाही. तुम्ही काय लिहिलंत ते विचारत नाही. तुमचा राग आला, पण काळजी त्याहून जास्त आहे. हे पत्र टाकायला खाली जाते, तेवढीच दहा मिनिटं जातील.

तुमची
मिनल

आकुर्डी, २८ मार्च

पूर्वोक्त-सकल-पदवी-विभूषिता, उसवण-शास्त्र-पारंगता कस्तुराअक्का यांस, शिक्काच्युत अनुजाचा सविनय जयभीम. वि. वि.

मिनलचे पत्र पोचून तू चार दिवस घोर केला असशील. अपराध माझा. फोन साहेबांच्या दाराबाहेर काढून घेतला होता आणि आत तीन तास बसवले होते. तुला लगेच लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे सोमवारपर्यंत ठरले नव्हते.

लॉट अडवला गेला. रणजीतने चार माणसे लावून नग पुन्हा मोजले: एकशे एकाहत्तर निर्दोष, नऊ सदोष. नऊ, अक्का. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला की बरं झालं आलात, आणि मग म्हणाला की कशाला आलात. दोन्ही त्याने मनापासून म्हटले.

शिक्का जमा झाला. लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली, परंतु पॅकिंगमध्ये, पहिल्या पाळीला, कमी पगारावर. मी ज्यांचे नग नाकारत असे, ते आता मला खोकी कशी बांधावीत ते शिकवतात आणि आनंद लपवत नाहीत. मिनल दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पायमशीनपाशी येऊन तिने चुण्या धरल्या, मी शिवल्या. कापड दुप्पट, अस्तर काळे, भिंतीवर वीतभर. आत अमावस्या असते. त्या रात्री मी अकरा तास झोपलो. मिनल मध्ये दोनदा श्वास पाहून गेली.

लोभ कृपया उसवू नये.

तुझा
धम्मरत्न

ता. क. दुप्पट कापड आणि अस्तर यांचा भार खिळ्यांना सोसवेना. काल उजवा खिळा भिंतीच्या पापुद्र्यासह निसटला, दांडी तिरपी झाली. तूर्त ते टोक कपाटावर टेकवले आहे, त्यामुळे कपाट उघडत नाही आणि माझे पायमोजे कपाटात आहेत. ड्रिलसाठी सयाजीरावांकडे चौथ्यांदा गेलो. ते म्हणाले की ड्रिल त्यांच्या मेहुण्याकडे चिखलीला आहे, आणि मेहुणा गावी गेला आहे.