गुराखी कलेक्शन

३ जुलै
विक्रमभाऊंच्या दुकानातली नोकरी सोडली. विक्रमभाऊ म्हणजे हेमलताचे मोठे भाऊ. लोखंडी कपाटे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकतात. मी म्हणालो, मला कपाटांच्या पलीकडचे दिसते. ते म्हणाले, दाजी, पलीकडे भिंत आहे. गिऱ्हाईक हसले. लक्ष दिले नाही.

५ जुलै
फोनवर अमेरिकेतले दिवाणखाने पाहिले. काऊबॉय थीम. गाडीच्या चाकाचे टेबल, शिंगांचे झुंबर, कातड्याच्या खुर्च्या. लोक ऐटीत बसलेले.
पाहता पाहता लक्षात आले, काऊबॉय म्हणजे गुराखी. गुराखी आपल्याकडे आहेतच. फर्निचर तेवढे नाही.
नाव पक्के केले. गुराखी कलेक्शन. कातडे नको. पिंप्राळ्यात राहायचे आहे.

५ जुलै, जेवणानंतर
बायकोला सांगितले. हेमलता म्हणाली, पोळ्यापर्यंत एक तरी ऑर्डर आणा. नाही आली तर दुसऱ्या दिवसापासून दादाच्या दुकानात. मी हो म्हणालो. पोळ्याला अवकाश आहे.

९ जुलै
संशोधन. सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन आलो. वेस्ता नावाचा खरा गुराखी भेटला. टी-शर्ट, गळ्यात हेडफोन. थोडा निराश झालो, पण दाखवले नाही. विचारले, गुरे चारताना तुम्ही कशावर बसता? म्हणाला, बसत नाही. बसलो की गुरं मक्यात.
परतीच्या बसमध्ये यावर विचार केला. गुराखी संस्कृतीत बसणे नाही. म्हणजे मार्केट पूर्ण मोकळे आहे.

१४ जुलै
रावेरकडे तोताराम आबांची केळीची बाग. ट्रॅक्टर आला, बैल गेले. जुने जू गोठ्यात टांगलेले. बैलांच्या खांद्यावर राहून गुळगुळीत झालेले लाकूड. असे फिनिश मशीनवर येत नाही.
आबांनी विचारले, कशाला पाहिजे? मी म्हणालो, मानाच्या जागी ठेवणार आहे. आबांनी जुवाला हात लावला, तो कपाळाला लावला. मग चहा दिला. जुवासोबत झूल, घुंगरमाळा आणि मुसकीही पैसे न घेता दिली.
मी खोटे बोललो नाही. दिवाणखान्यात सोफ्यापेक्षा मानाची जागा कुठली.

२० जुलै
झुलाल सुतार कामाला लागला. सोफ्याचे डिझाइन समजावले. बैठकीच्या पुढच्या कडेला जू, मागे दोरीची वीण, वर झूल, दोन्ही हातांना घुंगरमाळा. झुलालने विचारले, यावर माणूस बसणार ना? मी म्हणालो, अर्थात. त्याने कानामागची पेन्सिल काढली. पुन्हा ठेवली.

३० जुलै
मुसक्यांचे लॅम्पशेड तयार. बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती दोरीची जाळी. आत बल्ब. भिंतीवर सुरेख सावली पडते. हेमलताने विचारले, तुमच्या मापाचं आहे का एखादं? विनोद करते आहे. म्हणजे विरोध मावळतो आहे.

४ ऑगस्ट
घरचा जुना सोफा देऊन टाकला. आता माघार नाही. गुराखी सोफा वाजतो. कूस बदलली तरी वाजतो. पाठीला रग लागते. ही रग म्हणजेच मातीशी नाते.
शेजारच्या कुंदाबाई अक्कांनी खिडकीतून विचारले, घरमा बैल शे का? नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

९ ऑगस्ट
एरंडोलचे भूपेंद्रभाऊ हायवेवर हॉटेल काढताहेत. मी फोटो पाठवले होते. म्हणाले, माल पाहायला येतो, पटला तर सगळं हॉटेल तुमच्याकडून. मी पोळ्याचा दिवस दिला. बैलांचा सण, बैलांचे फर्निचर. असे सुचायला मार्केटिंग रक्तात लागते.
हेमलता म्हणाली, पोळ्याच्याच दिवशी? नीट विचार केला का? मी म्हणालो, केला. नंतर थोडा केलाही. माझे वडील भुसावळला रेल्वेत. क्वार्टरमध्ये बैल नव्हता. म्हणून मी या संस्कृतीकडे स्वच्छ नजरेने पाहू शकतो.

२२ ऑगस्ट, पोळा, सकाळी
जू गेरूने रंगवले. घुंगरे चिंचेने घासली. झुलीला इस्त्री. आज माझ्या आयुष्यातले कपाट कायमचे बंद होणार.

२२ ऑगस्ट, थोड्या वेळाने
कुंदाबाई अक्का ताट घेऊन आल्या. सोफ्यापुढे थांबल्या. म्हणाल्या, जू, झूल, घुंगरं, बठ्ठं शे, बैल कोठे शे? मी कन्सेप्ट समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि जुवाला कुंकू लावले. पुरणपोळी बैठकीवर ठेवली. पाया पडल्या. झुलीवर तुपाचा डाग. लूक अधिक अस्सल झाला.

२२ ऑगस्ट, दुपारी
गल्लीत बातमी पसरली. कॉलनीत पूजेला बैल मिळत नाही, म्हणून दरवर्षी बायकांची ओढाताण होते. आज सगळ्या इथेच. रांग जिन्यापर्यंत. कुणीतरी नारळ फोडला. लाँचला एवढी गर्दी शहरातल्या कुठल्या शोरूमने पाहिली असेल?

२२ ऑगस्ट, संध्याकाळी
भूपेंद्रभाऊ आले. सोबत त्यांच्या आई सुनंदाबाई. दोघांनी दारातच चपला काढल्या. चांगले लक्षण.
मी म्हणालो, बसा. सुनंदाबाई वाकल्या, जुवाला हात लावला, मागे सरकल्या. मी पुन्हा म्हणालो, बसा. भूपेंद्रभाऊ म्हणाले, जुवावर? आज? मी म्हणालो, उद्याही बसता येईल. सुनंदाबाई म्हणाल्या, भाऊ, आज बैलाच्या खांद्यावर आम्ही जू ठेवत नाही. ज्यानं खाऊ घातलं त्याला आम्ही टाचा लावायच्या? तुमच्या घरी बैल नव्हते वाटतं. मी रेल्वेबद्दल बोललो नाही.
अशा वेळी डेमो द्यावा. मी स्वतः बसलो. पुरणपोळीवर.
घुंगरे बराच वेळ वाजत होती. सुनंदाबाईंनी डोळे मिटून पुटपुटत माझ्यासाठी माफी मागितली. कोणाकडे, ते कळले नाही. बहुधा सोफ्याकडे.
पाहुणे उभेच. हेमलताने फोन केला आणि विक्रमभाऊ दुकानातून खुर्च्या घेऊन आले. प्लॅस्टिकच्या, चॉकलेटी. सगळे बसले. पुरणपोळी झाली, आमटी झाली. भूपेंद्रभाऊंनी पाठ टेकली आणि म्हणाले, आता बरं वाटलं. एकूण वातावरण सकारात्मक.

२३ ऑगस्ट
सकाळी भूपेंद्रभाऊंचा फोन. ऑर्डर आली. पूर्ण हॉटेलची. मी हेमलताला तिथूनच हात केला. ती पोळ्या टाकायची थांबली.
मग त्यांनी विचारले, काल बसायला दिलेल्या त्या खुर्च्या कुणाच्या? आईची कंबर पहिल्यांदाच दुखली नाही.
मी नंबर दिला. धंद्यात मन मोठे हवे. हेमलताला म्हणालो, ऑर्डर आली हे तर खरे. ती म्हणाली, आली, दादाला. आणि माझा शर्ट इस्त्रीला घेतला. दुकान दहाला उघडते.

२६ ऑगस्ट
टेम्पोत लिहितो आहे. एरंडोलचा रस्ता. विक्रमभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी. मी मागे, खुर्च्यांच्या चळतींमध्ये. निघताना त्यांना स्पष्ट सांगितले की या ऑर्डरच्या मुळाशी माझी संकल्पना आहे. ते म्हणाले, दाजी, मागची दोरी धरा, माल घसरतोय.
धरली आहे. एका हाताने लिहितो. म्हणून अक्षर असे.