आज मुद्दाम साधं पेट्रोल

अकोट, मंगळवार, दिवेलागणीला

आज मुद्दाम साधं टाकलं. पंपावरच्या माणसानं दोनदा विचारलं, "ताई, रोजचं प्रीमियम नाही?" नाही म्हटलं.

हे झाडावरून पडून कंबरेखाली लुळे झाले, तेव्हापासून पिकअप माझ्याच हाती आहे. अमरावतीला केळी पोचवून घरी आले, फाटक वाजलं, की खाटेवरून आवाज, "कोनतं टाकलं?" गाडीच्या पुस्तकात साधं चालतं असं लिहिलंय, मी वाचूनही दाखवलं होतं. तर म्हणे, "पुस्तकाले काय कळते? गाडी आपल्याले खाऊ घालते, तिले भारीतलंच द्याचं." किती भांडलो असू यावरून!

पण आठ दिवस झाले, विचारणंच बंद. जेवण अर्धं, तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणतात, त्यांना बोलतं ठेवा. कसं ठेवू? मला एवढंच सुचलं.

आल्याबरोबर खाटेपाशी उभी राहिले. "आज साधं टाकलं म्या. टाकी फुल. गाडी खोकून राहिली." खोकत नव्हती, खोटंच जोडलं. वाटलं, आता भडकतील. भडका ना एकदा! शिवी द्या!

भिंतीकडे पाहतच म्हणाले, "कोनतंबी टाक."

अंगणात येऊन गाडी चालू केली. त्यांच्या खिडकीखाली जोरात रेस केली, पुन्हा केली. शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. आतून काहीच नाही.

कोणतं टाकू, हे विचारणारा आता पंपावरचा तो माणूसच उरला.