नातवाच्या गाण्यातली तुझी ओळ

आये, मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. पत्रं पाठवायला याहून चांगली जोडी सापडायची नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला हल्ली आरशात बघावं लागतं. बातमी चांगली नाही. तुझा पणतू गेला. माझा नातू, हिचा मोठा भाऊ. हडपसरहून मांजरीकडे जाताना, ऐन संध्याकाळी, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. ब्रेक मारल्याची खूण रस्त्यावर नव्हती, असं पोलीस म्हणाले. त्यांनी ते सहज सांगितलं आणि माझ्या सुनेनं ते उचलून घरी आणलं.

तो रॉक गायचा. रॉक म्हणजे काय ते मला विचारू नकोस. वाद्यांना वीज लागते, गाणाऱ्याला केस लागतात आणि ऐकणाऱ्याला कापूस लागतो. मी म्हणायची, "अरे, कुणी मारलंय का तुला? मग ओरडतोस कशाला?" तो म्हणायचा, "आजी, तू शब्द ऐक ना." "आधी त्या ढोलवाल्याला घरी पाठव, मग ऐकते." त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याचे मित्र विहारात आले, केस मागे बांधून, पांढरे सदरे घालून शहाण्यासारखे बसले. त्यांनीच मग त्याचं शेवटचं गाणं मोबाईलवर सगळ्यांसाठी टाकलं. त्यात तो म्हणतो, "गेलो मी, गेलो मी, माझी वाट पाहू नका." आता त्या गाण्याखाली लोक अर्थ लिहीत बसलेत. कुणी लिहितं, याला आधीच कळलं होतं. कुणी लिहितं, हा सरळसरळ निरोप आहे, घरच्यांना कसं समजलं नाही? एका विद्वानानं, कोथरूडचा असणार, लांबलचक लिहिलंय की या ओळीवर परदेशातल्या उदास गाण्यांचा प्रभाव आहे. मला नात वाचून दाखवते तेवढंच कळतं. सून मात्र स्वतःच वाचायची. सकाळी चहा ठेवून वाचायची, तो उतू गेला तरी वाचायची. तिचं जेवण सुटलं. एके दुपारी मला म्हणाली, "आत्या, ब्रेक का नसेल मारला त्यानं?" मी म्हणाले, "आधी दोन घास खा." तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "तुम्हीच खा. तुम्हाला जातंय."

लागलं मला ते. पण खरं होतं. मला जात होतं. ताट तसंच ठेवून मी उठले आणि नातीला म्हटलं, मला ते गाणं ऐकव. तिनं माझ्या कानांवर झाकणं चढवली. "आजी, आवाज मोठा आहे हं." "मला आता बहिरी करायला काय उरलंय? लाव." आणि ती ओळ आली तशी मी ताठ झाले. चाल त्याची होती, पण शब्द तुझे होते. परदेशाचा प्रभाव म्हणे! आये, तू मांजरीच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाहीस.

डोक्याच्या वर गेलेल्या उसात तुम्ही बाया वाळल्या पानांचं पाचट काढायला शिरायच्या. आत गेलं की हाताएवढ्या अंतरावरची बाई दिसत नाही. साप असतो, डुक्कर असतं, कधी मुकादमही असतो. म्हणून एकीनं गायचं, "गेले मी, गेले मी, माझी वाट पाहू नका," आणि दुसरीनं लगेच म्हणायचं, "गेलीस कुठं गं, पाचट तुझं वाजतंय की." तोंडात घास असला तरी ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी हातातलं टाकून तिकडे धावायचं. मी भाकरी घेऊन बांधावर उभी असायची आणि मला त्या शब्दांची भीती वाटायची. एकदा तुला म्हटलंही, "आये, सारखं गेले गेले काय म्हणतीस?" तू हाताला लागलेलं उसाचं कुसळ दातानं काढत होतीस. म्हणालीस, "आणि हाय मी, हाय मी म्हटलं तर कोण बघंल माझ्याकडं?"

मी सुनेला समोर बसवलं आणि हे सगळं सांगितलं. म्हटलं, हा निरोप नाही गं, ही हाक आहे. माझ्या आयेच्या कामातली. तो लहान असताना पडद्यामागे लपायचा आणि "गेलो मी" म्हणून ओरडायचा, मी इकडून "पाचट वाजतंय" म्हणायची, तुला आठवत नाही? त्यानं माझंच उचललं. तिनं माझा हात घट्ट धरला. "नक्की ना, आत्या?" "नक्की." "शपथ?" "आपल्यात देवाच्या शपथा घेत नाहीत," मी म्हटलं, "पण हवी तर घेते." ती हसली नाही. भाकरीचा तुकडा तोडला, आमटीत बुडवला, बराच वेळ चावत राहिली. आता ती जेवते आहे. कमी, पण जेवते.

नात मान खाली घालून लिहिते आहे, आणि पुढचं तिनंही ऐकावं असं मला वाटत नाही, पण हात तिचे आहेत. त्या गाण्यात ती ओळ संपली की सगळी वाद्यं एकदम थांबतात. ढोल नाही, काही नाही. बाईनं ओ द्यावी एवढी जागा सुटते. मग तो तीच ओळ पुन्हा म्हणतो, जरा जोरात. पुन्हा जागा. दुसरी ओळ, पाचट वाजल्याची, त्याला पाठ होती, मीच शिकवलेली. ती त्यानं घेतली नाही. चालीत बसली नसेल. किंवा ती दुसऱ्या कुणीतरी म्हणायची होती.

"आजी, हे आईला वाचून दाखवायचं?" नात विचारते आहे. नाही म्हटलं. सुनेला मी जो अर्थ सांगितला, आये, तो तुझ्या गाण्याचा होता. त्याच्या गाण्याचा मला माहीत नाही.