दाऊनला सोलला घेऊन या

हेवॉनच्या बाबांना,

हेवॉन आणि मी इकडे सोलमध्ये ठीक आहोत. फोनवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, तुमचे निरोप आपली धाकटी दाऊनच वाचून दाखवते, म्हणून हे पत्र बंदरावरच्या पत्त्यावर पाठवतेय.

हेवॉनचं वजन हळूहळू वाढतंय. उपचार करणाऱ्या ओक बाई म्हणतात, "ही पद्धत कितीतरी मुलींवर पारखलेली आहे. सध्या जेवण हेच औषध, आणि ते आईनंच द्यायचं." काल भात संपेपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही.

"आई, तू तुरुंगात पहारेकरीण शोभशील!"

"शोभू दे. तू खा."

रडत रडत खाल्लं तिनं.

आजींचा खोकला कसा आहे? कालवं बरी निघतायत ना?

परवा फोनवर तुम्ही कौतुकानं सांगत होतात, दाऊन किती शहाणी झालीय, सगळ्यांसाठी रांधते, आग्रहानं वाढते, आणि स्वतः "मघाशीच जेवले" म्हणून धक्क्यावर पळायला जाते. ती शेजारीच असणार, म्हणून मी नुसतं "हो का, छान" म्हटलं. पण हेवॉनचंही असंच सुरू झालं होतं, आणि तेव्हाही आपण असंच कौतुक करत होतो.

हेवॉनला हे सांगितलं, तर तिनं चमचा खाली ठेवला. "ती जेवत नाहीये, आई. मला माहीत होतं. कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती."

दाऊनला रागावू नका, वजनाचा विषय काढू नका. ताईला भेटायचंय, एवढंच सांगा आणि मिळेल त्या बसनं निघा. वाटेत तिचा हात सोडू नका.

तुमची वाट बघत,
दोघींची आई